पवित्र भूमीची 'भविष्यवाणी स्पेशल' टूर: ५ पैकी साडेतीन स्टार, त्यातला दीड एकट्या गाईडचा

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. चांगलं पण लिहायचंय आणि वाईट पण, आणि मग त्यांच्या ऑफिसातून फोन आला की खुलासे देत बसायची मला हौस नाही. पण चर्चमध्ये, नातेवाइकांत, व्हॉट्सअॅपवर जो तो विचारतो, टूर कशी होती हो, आम्ही जावं का, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

टूर म्हणजे जॉर्डन-इस्राएल-इजिप्त, १० रात्री ११ दिवस, फेब्रुवारी २०२३, म्हणजे तिकडचं युद्ध सुरू व्हायच्या आधीची. मुंबईहून निघायचं. माणशी दीड लाखाच्या वर गेले, टिपा वेगळ्या. होली लँड टूर तशा खंडीभर आहेत पण ही मी घेतली ती विषयासाठी. पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं की ही नुसती येशूच्या पावलांवरची यात्रा नाही, संदेष्ट्यांची यात्रा आहे, पाऊस, दुष्काळ, भूकंप, समुद्र या सगळ्यावर देवाची सत्ता कशी चालते आणि भविष्यवाणी कशी पूर्ण होतेय ते त्या त्या जागी उभं राहून बघायचं. आता मी पाथर्डीकडचा माणूस, अर्धं आयुष्य आभाळाकडे बघण्यात गेलेलं, संडे स्कूलमध्ये सगळ्यात आवडती गोष्ट एलीयाची, म्हणजे बायबलमधल्या दुष्काळ सांगणाऱ्या संदेष्ट्याची, मला राहवलंच नाही. बायको म्हणाली गुडघे दुखतायत तूच जा, गेलो.

८ फेब्रुवारीला निघालो. ६ तारखेला पहाटे तुर्कस्तान-सीरियात ७.८ चा भूकंप झालेला, विमानतळावर प्रत्येक टीव्हीवर तेच. अम्मानला उतरलो, बस नबो डोंगराकडे निघाली आणि टूर लीडरने माइक हातात घेतला. हा कंपनीचा माणूस, आवाज दमदार, शास्त्र तोंडपाठ, त्यात खोट नाही. पण पहिलंच वाक्य काय, तर बायबलमधल्या मत्तय पुस्तकाचा २४ वा अध्याय, जागोजागी भूकंप होतील, बघा आपण निघालो आणि प्रभूने चिन्ह दाखवलं. आणि बसमधले निम्मे लोक आमेन! तिकडे ढिगाऱ्याखालून अजून लेकरं काढत होते हो. आणि त्याच अध्यायात एकच ओळ आधी येशू काय म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. ती ओळ काही वाचली नाही त्याने.

माझ्या शेजारच्या सीटवर लातूरकडच्या एक मावशी होत्या, एकट्याच आलेल्या, साठी उलटलेली. त्यांनी आमेन म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "आमच्याकडं पण आले होते असं सांगाया." किल्लारीचं म्हणत होत्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं अंगावर. मावशींचं माहेर तिकडचं. पुढे काही बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही.

तर हा झाला टूरचा सगळ्यात वाईट भाग, आणि तो ११ दिवस माइकवर चालूच होता. कुठलीही बातमी घ्यायची, तिला एक वचन चिकटवायचं, की झाली भविष्यवाणी पूर्ण. टोळधाडीचं पण तेच, २०२० ला आपल्या विदर्भात टोळ आले होते ना, ते म्हणे योएल पूर्ण झाला, म्हणजे टोळधाडीवर बोलणाऱ्या योएल संदेष्ट्याचं पुस्तक. अरे पण योएलमध्ये टोळांसाठी मूळ हिब्रूत चार वेगवेगळे शब्द आहेत, आणि जेरुसलेममध्येच १९१५ ला मार्चपासून अशी टोळधाड पडली होती की झाडांच्या साली सुद्धा ठेवल्या नाहीत, त्याचे फोटो आहेत, ते दाखवले असते तर योएल जास्त कळला असता. ते नाही. असो.

आता चांगलं. इस्राएलच्या बाजूला आम्हाला लोकल गाईड मिळाला तो बेथलेहेमकडचा अरब ख्रिस्ती, पन्नाशीचा, हिंदी दोन-चार शब्द, इंग्रजी छान. घरची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं असलेला माणूस. लीडर बातम्या सांगायचा आणि हा माती दाखवायचा. सगळ्या टूरचे पैसे वसूल झाले ते कर्मेल डोंगरावर, मुहराका म्हणून जागा आहे तिथे. मुहराका म्हणजे अरबीत जळण्याची जागा. कार्मेलाइट संन्याशांचा मठ, अंगणात तलवार उगारलेला एलीयाचा पुतळा, आणि गच्चीवर चढलं की खाली इज्रेलचं खोरं पसरलेलं, हिरवंगार, चौकोन चौकोन शेतं. गच्चीवर जायला थोडे पैसे पडतात, ते टूरमध्ये धरलेले नव्हते. द्या तरी पण.

लीडरने गोष्ट वाचली, बआल देवाचे ४५० संदेष्टे एकीकडे, एकटा एलीया दुसरीकडे, ज्याचा देव वेदीवर अग्नी पाडेल तो खरा, आणि एलीयाच्या वेदीवर आकाशातून अग्नी, टाळ्या. मग गाईड म्हणाला की आता मी एक विचारतो, अग्नी पडला हे सगळ्यांना आठवतं, पण ही भानगड मुळात अग्नीवरून होती का? पावसावरून होती. बआल हा कनानी लोकांचा पावसाचा, वादळाचा देव. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीत म्हणून गाव सापडलं १९२९ च्या सुमाराला, तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलाला ढगांवर स्वार होणारा असं म्हटलंय. म्हणजे इस्राएलच्या अहाब राजाने, ईजबेल राणीच्या नादाने म्हणा, देशात खास पावसाचा देव आणून बसवला, आणि एलीया येऊन सांगतो की पाऊस काय, दव सुद्धा पडणार नाही. थेट दुकानावरच घाव. ज्या खात्याचा तो मंत्री तेच खातं बंद.

हे ऐकलं आणि मला अख्खी गोष्ट नव्याने दिसली. आपण लहानपणी चमत्कार चमत्कार म्हणून ऐकतो, पण १ राजे पुस्तकाचे १७-१८ अध्याय नीट वाचा, ती दुष्काळाची गोष्ट आहे, दुष्काळ बघितलेल्या माणसाने सांगितलेली. राजा स्वतः आपल्या कारभाऱ्याला, ओबद्याला घेऊन घोड्या-खेचरांसाठी चारा शोधत हिंडतोय! आमच्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या तेव्हा हा अध्याय मी वाचायला हवा होता. आणि एलीया ज्या करीथ ओढ्याकाठी लपला तो ओढा पण आटतो. ज्याच्या तोंडून दुष्काळ आला त्याचंच पाणी आधी तुटलं, देवाने त्याला वेगळी टाकी बांधून दिली नाही. आणि मग वेदीवर बारा घागरी पाणी ओतायचं, तीन वर्षांच्या दुष्काळात! मावशी मागून म्हणाल्या, बायकांनी शिव्याच घातल्या असतील. गाईडला मी ते इंग्रजीत सांगितलं तर तो इतका हसला की लीडर बघायला लागला.

अजून एक गोष्ट त्या गाईडने सांगितली ती तर मी आल्यापासून दहा जणांना सांगितलीय. त्यांच्याकडे बाजारात उन्हाळ्यात टोमॅटो, भेंडी, अंजीर विकायला येतात ना, त्यातला जो माल पाटाच्या पाण्यावर नाही, नुसत्या पावसाच्या ओलीवर आलाय, त्याला ते लोक बाअली म्हणतात, आणि त्याला चव जास्त म्हणून भाव पण जास्त. बाअली म्हणजे बआलाचं! आपण जिरायत म्हणतो तेच. एलीयाने कर्मेलवर ज्याचा पार निकाल लावला तो देव जवळजवळ तीन हजार वर्षं झाली तरी भाजीवालीच्या तोंडात जिवंत आहे. गाईड स्वतः ख्रिस्ती, मी म्हणलं तुम्हाला काही वाटत नाही का, तो म्हणाला टोमॅटोला नाव कुणाचं पण असू दे, पाऊस कोण पाडतो ते आजीने शिकवलंय.

गच्चीवरून पश्चिमेला समुद्र दिसतो म्हणतात, आम्हाला धुरकटच होतं. पण एलीयाचा गडी सात वेळा जाऊन बघून आला आणि सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला, ती दिशा गाईडने हाताने दाखवली आणि खरं सांगतो, आम्ही जेवढे नगर-बीड-लातूरचे होतो ते सगळे तिकडे बघत उभे राहिलो, मुंबईवाले फोटो काढून खाली गेले.

पावसावरून आठवलं. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस असे शब्द आहेत, योएलमध्ये आहेत, अनुवाद नावाच्या पुस्तकात आहेत. मी आयुष्यभर समजत होतो वळीव म्हणजे आपला मे महिन्यातला, गारांचा, आंब्याचं नुकसान करणारा. तिकडे गेल्यावर कळलं की त्यांचा पाऊस हिवाळ्यात. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीचा, आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरायचा. मधले उन्हाळ्याचे चार-पाच महिने टिपूस नाही. ज्या कोणी भाषांतर केलं त्यांनी आपले शब्द वापरले ते गोडच, पण महिने उलटेपालटे होतात. पहिला पाऊस चुकला तर पेरणी गेली, शेवटचा चुकला तर हातातोंडाशी आलेलं गेलं, हे मात्र आपल्यासारखंच. पुढे इजिप्तला गेल्यावर नाईल नदीकाठची शेतं बघितली, काठाला हिरवी पट्टी आणि पलीकडे लगेच वाळू, तेव्हा अनुवाद ११ आठवला, मिसर देशात तुम्ही भाजीच्या मळ्यासारखं पाणी देत होता, पण ज्या देशात जाताय तो आभाळाच्या पावसाचं पाणी पितो. म्हणजे देवाने लोकांना बागायतीतून काढून जिरायतीत आणून टाकलं! रोज वर बघायला लागावं म्हणून. हे आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला एका मिनिटात समजेल, आणि बसमध्ये त्यावर एक शब्द नाही.

मृत समुद्र. पोहायला मजा, म्हणजे पोहता येत नाही, नुसतं तरंगायचं, डोळ्यात थेंब गेला तर आई आठवते. अंगावर ओरखडा असेल तर जाऊ नका. समुद्रसपाटीपासून ४३० मीटरपेक्षा जास्त खाली, जमिनीवरची सगळ्यात खालची जागा. इथे लीडरचा आवडता विषय यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४७ वा अध्याय. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, हजार हात पुढे गेलं की घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग पोहण्याइतकं, आणि ते जाऊन या समुद्राला मिळतं आणि समुद्र गोडा होतो, काठावरच्या एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी पसरतात. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. पण त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, खड्ड्यातल्या पाण्यात मासे, म्हणाला बघा सुरू झालं!

मग आम्ही किनाऱ्यावरची खरी परिस्थिती बघितली. समुद्र गोडा वगैरे होत नाहीये, तो आटतोय, वर्षाला मीटरभरापेक्षा जास्त खाली जातोय, कारण यार्देन (जॉर्डन) नदीचं पाणी वरच्या वर सगळ्यांनी उचललंय, इस्राएल, जॉर्डन, सीरिया सगळ्यांनी, आणि खाली दोन्ही बाजूंनी कारखाने पोटॅशसारख्या क्षारांसाठी पाणी आटवतात. पाणी मागे सरलं की जमिनीतल्या मिठाच्या थरात गोडं पाणी शिरतं, मीठ विरघळतं आणि वरची जमीन धपकन खाली बसते. असे हजारो खड्डे. एन-गेदीचा जुना बीच त्यापायीच बंद झाला. आम्ही बसमधून बघितलं, रस्ता तुटलेला, माडाच्या जातीची झाडं वाळून उभी, आणि पाणी कुठल्या कुठे गेलेलं. मासे आहेत ते काठच्या गोड्या झऱ्यांच्या डबक्यात, एन-फेशखाच्या झऱ्यांत तर ते पूर्वीपासूनच आहेत, काही अभ्यासक त्यालाच एन-एग्लाइम समजतात. म्हणजे संदेष्ट्याने मासे बघितले असतील आणि त्यातूनच देवाने त्याला पुढचं दाखवलं असेल असं मला आपलं वाटतं. पण समुद्र माणसाने आटवायचा आणि डबक्यातला मासा दाखवून भविष्यवाणी पूर्ण झाली म्हणायचं, हे जरा अतिच. देवाची सत्ता दाखवायला आणलंत तर आधी माणसाने काय करून ठेवलंय ते पण दाखवा की.

जैतुनाच्या डोंगरावर पण असंच. जखऱ्या संदेष्ट्याचा १४ वा अध्याय, डोंगर पूर्व-पश्चिम दुभंगेल. लीडर म्हणे इथेच या हॉटेलखालीच फॉल्ट लाइन आहे. गाईड गप्प बसला आणि नंतर मला एकट्याला म्हणाला, मोठी भेग आहे ती तिकडे खाली यार्देनच्या खोऱ्यात, १९२७ च्या जुलैत हलली तेव्हा जेरुसलेममध्ये पवित्र कबरेच्या चर्चला सुद्धा तडे गेले. आणि जखऱ्याच पुढच्या ओळीत म्हणतो, उज्जीया राजाच्या दिवसांत भूकंपापुढे पळाला होता तसे पळाल. म्हणजे लोकांना आठवत असलेला भूकंप. आमोस संदेष्ट्याचं पुस्तक तर सुरूच होतं, भूकंपाच्या दोन वर्षं आधी. मी हे ऐकून हट्टच धरला, हासोर या प्राचीन शहराच्या उत्खननात त्या काळातल्या कललेल्या भिंती सापडल्यात तिथे न्या. कार्यक्रमात नव्हतं. ड्रायव्हरला थोडे पैसे जास्त देऊन ४० मिनिटं थांबलो. निम्मे लोक बसमध्येच बसले, म्हणाले दगडं काय बघायची. पण मला विचाराल तर आमोस तिथे समजतो. तो आधी कशावर बोलतो, तर काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यांवर, पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर, आणि मग विचारतो, यामुळे जमीन कापणार नाही काय. आणि चौथ्या अध्यायात, एका गावावर पाऊस पाडला, दुसऱ्यावर नाही, एक शेत भिजलं, दुसरं वाळलं, दोन-तीन गावं पाण्यासाठी एकाच गावाकडे झोकांड्या खात गेली. टँकरची लाईन डोळ्यापुढे आली. तिथे देव तारखा सांगत नाहीये, बाजारातल्या मापाबद्दल बोलतोय.

गालील सुंदर. बोट सफर आहे, इंजिन बंद करून भजन म्हणायला देतात, वारा सुटला की पाच मिनिटात लाटा उठतात हे खरंच बघायला मिळालं. दुपारी तो प्रसिद्ध 'पेत्राचा मासा', म्हणजे हो आपली उजनीची चिलापीच, तळलेली, लिंबू आणि बटाटे. वाईट नाही पण आमच्या भिगवणला याहून चांगली मिळते. १९८६ ला दुष्काळात तळ्याचं पाणी खाली गेलं तेव्हा चिखलात सापडलेली येशूच्या काळातली लाकडी होडी जवळच्या म्युझियममध्ये आहे, ती चुकवू नका.

आता तक्रारी पटापट. टिपांचे डॉलर आधी सांगितले नव्हते, पुलावरच्या बॉर्डरला चार तास उभं राहिलो तेव्हा सांगितलं. रोज रात्री डाळ-भात मिळेल म्हणले ते फक्त तीन रात्री. हॉटेलं ठीक, बेथलेहेमचं चांगलं, कैरोचं कळकट. बसचा माइक फाटका. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पत्रकात हवामान आल्हाददायक असं लिहिलं होतं, इजिप्तमधल्या सिनाय डोंगरावर रात्री शून्याच्या खाली जातं हे कोणी सांगायचं? मावशी स्वेटर आणि शाल एवढ्यावर आलेल्या. माझं जर्किन त्यांना दिलं आणि मी हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून चढलो, तसे फोटो पण आहेत.

सिनाय म्हणजेच होरेब, मोशेला आज्ञा मिळाल्या तो डोंगर, निदान परंपरेने तरी. रात्री दीडला चढायला सुरुवात, उंची २२८५ मीटर, उंट जातात ते शिखराच्या खाली एका खळग्यापर्यंत, त्याला एलीयाचा खळगा म्हणतात, पुढे साडेसातशे पायऱ्या. मावशी उंटावर आल्या, वीस डॉलर, आणि तिथेच बसल्या. आम्ही सूर्योदय बघून खाली आलो तेव्हा लीडरने निर्गम १९ काढलं, गडगडाट, धूर, डोंगर थरथरला. माइक नव्हता त्यामुळे बरं वाटत होतं. त्याचं वाचून झालं आणि मावशी म्हणाल्या, "ब्रदर, १ राजे १९ वाचा की. इथलंच हाय ना ते."

त्याने वाचलं. एलीया जिवाला कंटाळून इथे गुहेत येऊन बसतो. सोसाट्याचा वारा सुटतो, खडक फुटतात, पण परमेश्वर वाऱ्यात नव्हता. वाऱ्यानंतर भूकंप. पण परमेश्वर भूकंपात नव्हता. इथे तो थांबला. खरंच थांबला, मला वाटतं त्याच्या पण लक्षात आलं. मग अग्नी, त्यात पण नाही, आणि मग ती बारीक शांत वाणी. कोणी आमेन म्हटलं नाही. मावशी म्हणाल्या, "बास, एवढंच." आणि तेवढ्यात उंटवाला आला, "कॅमल मॅडम? गुड कॅमल?"

त्यानंतर कैरोपर्यंत लीडरने भूकंपाचं नाव काढलं नाही, म्हणून अर्धा स्टार वाढवला.

जाणार असाल तर कुठल्याही कंपनीकडून जा पण बुकिंगच्या आधी लोकल गाईड कोण आहे विचारा, मुहराका कार्यक्रमात आहे का बघा, हासोर लिहून घ्या, गरम कपडे न्या, सुटे डॉलर न्या, आणि जाण्याआधी घरी आमोस एकदा सलग वाचून काढा, नऊच अध्याय आहेत. गुडघेवाल्यांनी सिनायला उंटाचे पैसे वेगळे ठेवा. मावशींचा परवा फोन आला होता, पुन्हा कुठली टूर निघाली तर सांगा म्हणाल्या. मी म्हणलं सांगतो, पण आधी माझं जर्किन. ते अजून लातूरलाच आहे.